ग्राफिक्स कार्ड बदलायचंय? आधी ही मोजमापं घ्या

गेम अडखळायला लागला की पहिला संशय ग्राफिक्स कार्डवर जातो. पुष्कळदा तो बरोबरही असतो. पण तितक्याच वेळा दोष रॅमच्या एकुलत्या एका स्टिकमध्ये, धुळीने बुजलेल्या पंख्यात किंवा दमलेल्या प्रोसेसरमध्ये निघतो, आणि तोवर तीस-चाळीस हजार खर्च होऊन गेलेले असतात. हे टाळता येतं. त्यासाठी लागणारी सगळी सॉफ्टवेअर फुकट मिळतात आणि वेळ लागतो फार तर एका संध्याकाळचा.

उदाहरणासाठी २०२०-२१ च्या सुमारास भारतात भरपूर विकला गेलेला बजेट पीसी घेऊ: इंटेल आय३-१०१००एफ, जीटीएक्स १६५० (४ जीबी), एच४१० मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, ४५० वॉटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आणि १०८०पी, ६० हर्ट्झचा (सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा) मॉनिटर. तुमचा पीसी वेगळा असला तरी पद्धत हीच.

अडवतंय कोण, ते आधी शोधा

एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्यासोबत येणारं रिवाट्यूनर इन्स्टॉल करा. कार्ड कोणत्याही कंपनीचं असलं तरी चालतं. सेटिंग्जमधल्या मॉनिटरिंग टॅबमध्ये जीपीयू (कार्डाची मुख्य चिप) युसेज, तापमान, कोअर क्लॉक, मेमरी युसेज, रॅम युसेज, प्रत्येक सीपीयू थ्रेडचा (प्रोसेसर एका वेळी चालवतो त्या कामाच्या एकेका धाग्याचा) वेगळा युसेज, फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं, म्हणजे फ्रेम, तयार होतात) आणि फ्रेमटाइम (एका फ्रेमला लागणारा वेळ) एवढ्या गोष्टी स्क्रीनवर दिसतील असं करा. फ्रेमटाइम आकड्याऐवजी आलेखात ठेवा, म्हणजे झटके डोळ्यांना दिसतात.

मग व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) बंद करा आणि फ्रेमची मर्यादा काढून टाका, गेममध्येही आणि ड्रायव्हरच्या कंट्रोल पॅनेलमध्येही. ही पायरी विसरली तर पुढचं सगळं मोजमाप फुकट जातं. गेम ६० फ्रेमवर बांधलेला असेल तर कार्ड ५५ टक्केच चाललेलं दिसतं आणि सगळा दोष प्रोसेसरच्या माथी जातो.

गेममधली सगळ्यात जड जागा निवडा: गर्दीचा बाजार, शहर, मोठी लढाई. दहा-पंधरा मिनिटं खेळून कार्ड तापू द्या, मग त्याच जागी, त्याच वाटेने दोन मिनिटं फिरत नोंद घ्या. आफ्टरबर्नरच्या बेंचमार्क टॅबमध्ये नोंद सुरू आणि बंद करायची बटणं ठरवता येतात. सरासरीइतकाच 'एक टक्का लो' हा आकडा महत्त्वाचा आहे. सर्वांत मंद एक टक्का फ्रेम किती वेगाने आल्या ते त्यातून कळतं. सरासरी ६० आणि एक टक्का लो २० असेल, तर हाताला तो गेम ६० चा लागतच नाही.

आता आकडे वाचू. जीपीयू युसेज सतत ९५ ते ९९ टक्के असेल तर कार्ड त्याच्या ताकदीच्या टोकाला आहे. युसेज ६०-७० वर रेंगाळतोय आणि तरी फ्रेम कमी आहेत, तर कार्ड कुणाची तरी वाट बघत बसलंय. तो कुणी बहुतेक वेळा प्रोसेसर किंवा रॅम असतो. सीपीयूच्या एकूण टक्केवारीवर मात्र विसंबू नका. आठ थ्रेडपैकी एकच थ्रेड शंभर टक्के भरला तरी गेम अडतो, आणि एकूण आकडा ४० टक्केच दिसत राहतो. म्हणून तर थ्रेड वेगवेगळे बघायचे.

प्रोसेसरची कमाल मर्यादा काढा

या लेखातली एकच चाचणी करणार असाल तर ही करा.

बाकी सेटिंग्जना हात न लावता फक्त रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी वर आणा आणि त्याच जागी पुन्हा मोजा. रिझोल्यूशन उतरलं की कार्डाचं काम निम्म्याहून कमी होतं, प्रोसेसरचं मात्र जवळजवळ तेवढंच राहतं. समजा आपल्या पीसीवर १०८०पी ला ४२ फ्रेम मिळत होत्या, कार्ड ९८ टक्क्यांवर होतं. ७२०पी ला ७८ मिळाल्या आणि कार्ड ८० टक्क्यांवर उतरलं. म्हणजे हा प्रोसेसर या गेममध्ये जास्तीत जास्त ७८ फ्रेम देऊ शकतो. बाजारातलं सर्वांत महाग कार्ड आणून लावलंत तरी आकडा तिथेच थांबणार.

७२०पी लाही कार्ड ९७ टक्क्यांवर अडकलेलं असेल तर रेंडर स्केल (गेम आतून किती रिझोल्यूशनला चित्र रचतो ते) आणखी उतरवा, युसेज ८५ च्या खाली येईपर्यंत. उलट ७२०पी ला ४२ च्या ४४ फ्रेमच झाल्या, तर नवं कार्ड घेऊन काहीही हाती लागणार नाही.

व्हीआरॅमची, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या मेमरीची, तपासणी वेगळी करावी लागते, कारण तिची लक्षणं वेगळी असतात. सरासरी फ्रेम ठीक, पण वळताना झटका बसतो, भिंतींवरचे टेक्स्चर धूसर राहून उशिरा स्पष्ट होतात, अर्ध्या तासाने गेम आणखी बिघडतो. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली जीपीयू उघडा. डेडिकेटेड मेमरी काठोकाठ भरून शेअर्ड मेमरी वाढत असेल तर कार्डाला साधी रॅम वापरावी लागते आहे, आणि ती कितीतरी हळू असते. टेक्स्चर एक पायरी खाली आणून बघा. झटके गेले तर नडत होता तो व्हीआरॅम, कार्डाची ताकद नव्हे. ४ जीबीच्या कार्डांवर हे आता सर्रास दिसतं.

स्वस्तात सुटणाऱ्या गोष्टी आधी सोडवा

रॅमची एकच स्टिक असेल तर प्रोसेसरला मेमरीचा अर्धाच रस्ता मिळतो. तशीच दुसरी स्टिक योग्य स्लॉटमध्ये बसवली की ड्युअल चॅनेल सुरू होतं, आणि प्रोसेसरने अडलेल्या गेममध्ये एक टक्का लो लक्षात येण्याइतका सुधारतो. बोर्डवर चार स्लॉट असतील तर सहसा प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा वापरायचा. शिवाय आजच्या गेमना ८ जीबी रॅम पुरत नाही, १६ लागतेच. एएमडी रायझनच्या पीसीत बायॉसमधलं (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमधलं) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, सुरू आहे का हेही बघा, कारण ३२०० ची रॅम २१३३ वर चाललेली अनेकदा सापडते. आपल्या उदाहरणातल्या एच४१० बोर्डवर आय३ ला २६६६ च्या पुढे जाता येत नाही, तिथे महाग रॅमच्या मागे लागू नका.

तापमान बघा. कार्ड ८३-८५ अंशांवर जाऊन कोअर क्लॉक खाली येत असेल, तर कार्ड स्वतःला वाचवण्यासाठी हळू झालंय. पंखा हाताने धरून हवेच्या डब्याने किंवा ब्लोअरने धूळ काढा. पंखा मोकळा फिरू दिलात तर बेअरिंगला त्रास होतो. चार-पाच वर्षं जुन्या कार्डाची थर्मल पेस्ट बदलली की फरक पडतो, मात्र थर्मल पॅड फाटले तर त्याच जाडीचे नवे लागतात. जाडी चुकली की कूलर चिपवर नीट बसत नाही आणि तापमान पूर्वीपेक्षा चढतं.

मॉनिटर १४४ हर्ट्झचा असून विंडोजमध्ये ६० वर राहिलाय, किंवा केबल कार्डाऐवजी मदरबोर्डला जोडली आहे, हे प्रकार वाटतात त्यापेक्षा जास्त घडतात. गेम हार्ड डिस्कवर असेल तर तो एसएसडीवर हलवा. आणि गेममध्ये एफएसआर (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवणारं एएमडीचं तंत्र) असेल तर क्वालिटी मोडवर लावून बघा. एफएसआरचं साधं अपस्केलिंग जीटीएक्स १६५० वरही चालतं. तेवढ्याने समाधान झालं तर खर्च शून्य.

कार्ड या पीसीत बसेल का, चालेल का

मदरबोर्डवरच्या स्लॉटमधून कार्डाला ७५ वॉट मिळतात, ६ पिनच्या केबलमधून आणखी ७५, ८ पिनच्या केबलमधून १५०. जीटीएक्स १६५० ची बरीच मॉडेल्स नुसत्या स्लॉटवर चालतात, त्यामुळे त्यांच्यासोबतच्या स्वस्त एसएमपीएसला ८ पिनची पीसीआयई (कार्डासाठीची) केबलच नसते. अशा वेळी दुकानदार साटा किंवा मोलेक्सचा कन्व्हर्टर पुढे करतो. घेऊ नका. साटाचा कनेक्टर १२ व्होल्टवर ५४ वॉटांसाठीच बनवलेला असतो. त्यावर कार्डाचा भार टाकला की तो वितळतो, कधी पेटही घेतो. प्रोसेसरची ८ पिन केबलही दिसायला सारखी असते, पण तिचं धन-ऋण उलटं असतं. ती जोर लावून घुसवली तर कार्ड आणि बोर्ड दोन्ही जाऊ शकतात.

एसएमपीएसवरचा मोठा आकडा बघू नका, आतल्या तक्त्यातली १२ व्होल्टची ओळ बघा. '४५० वॉट' लिहिलेल्या बिननावाच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टला ३०० वॉटसुद्धा भरत नाहीत. कार्ड बनवणाऱ्याने सांगितलेला एसएमपीएस हा आधार धरा: आरएक्स ६६०० ला ४५० वॉट, आरटीएक्स ५०६० टीआयला ६०० वॉट.

यूपीएसचा विचार आपल्याकडे करावाच लागतो आणि नेमका तोच राहून जातो. घरोघरी असलेला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट पेलतो. १३२ वॉटचं कार्ड, ८० वॉटचा प्रोसेसर, बाकीचे ४०, मिळून २५२. एसएमपीएसची कार्यक्षमता ८२ टक्के धरली तर भिंतीतून ३०७ ओढले जातात, त्यात मॉनिटरचे २५ मिळवले की ३३२. जेमतेम भागतं. कार्ड १८० वॉटचं घेतलं तर हाच हिशोब ३९० वर जातो. लाइट गेली की यूपीएस एकदा किंचाळतो आणि पीसी बंद. मग १००० व्हीए किंवा त्याच्या वरचा यूपीएस कार्डाच्या खर्चात धरावा लागतो.

ब्रँडेड ऑफिस पीसी स्वस्तात घेऊन त्यात कार्ड टाकायचा बेत असेल तर जरा थांबा. डेल, एचपीच्या अशा पीसींमध्ये एसएमपीएस बहुधा १८० ते २६० वॉटचा, तोही वेगळ्या कनेक्टरचा, म्हणून बाजारातला साधा एसएमपीएस लागत नाही. तिथे स्लॉटवरच चालणारं कार्ड बघावं, उदाहरणार्थ ७० वॉटची आरटीएक्स ३०५० ६ जीबी. कॅबिनेट बारीक असेल तर लो-प्रोफाइल (कमी उंचीची) आवृत्तीच लागेल.

लेनचाही, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर यांच्यातल्या डेटाच्या मार्गांचाही, मुद्दा आहे. दहाव्या पिढीचा इंटेल पीसीआयई ३.० (या मार्गांची जुनी, हळू आवृत्ती) देतो. आरएक्स ६६०० आणि आरटीएक्स ४०६० आठच लेन वापरतात. ३.० वर थोडं नुकसान होतं, व्हीआरॅम भरला की जास्त. आरएक्स ६५०० एक्सटीला फक्त चार लेन आणि ४ जीबी मेमरी. जुन्या बोर्डवर ती घेऊच नये. इंटेलची आर्क बी५८० किमतीच्या मानाने चांगली आहे, १२ जीबी मेमरी देते, पण तिला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो आणि अशक्त प्रोसेसरवर ती बरीच मागे पडते. आय३-१०१००एफ सोबत ती जोडी जमत नाही.

रिसायझेबल बारसाठी बायॉसमध्ये सीएसएम (पीसी जुन्या पद्धतीने सुरू करायची सोय) बंद करावं लागतं, आणि विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीने टाकलेली असेल तर त्यानंतर ती सुरूच होत नाही. घाबरू नका, सीएसएम परत चालू केलं की पीसी पूर्ववत होतो. मग महत्त्वाच्या फाइलींची कॉपी घेऊन विंडोजमधल्या एमबीआर२जीपीटी या साधनाने डिस्क बदलून घ्या.

शेवटी टेप घ्या. कॅबिनेटच्या मागच्या पट्टीपासून पुढच्या पंख्यापर्यंतची मोकळी लांबी मिलिमीटरमध्ये मोजा आणि कार्डाच्या पानावरची लांबी, जाडी त्याच्याशी ताडून बघा.

आता रुपयांचा हिशोब

हव्या त्या कार्डाचा, तुमच्याच गेममधला, तुमच्याच रिझोल्यूशनचा रिव्ह्यूमधला आकडा शोधा. रिव्ह्यू करणारे सर्वांत ताकदवान प्रोसेसर वापरतात, म्हणून तो आकडा जसाच्या तसा तुम्हाला मिळत नाही. त्याशेजारी तुमच्या प्रोसेसरची कमाल मर्यादा लिहा. दोहोंतला लहान आकडा तुमचा. मग मॉनिटरचा हर्ट्झ लिहा, कारण त्यापुढच्या फ्रेम तुम्हाला दिसत नाहीत.

आपल्या पीसीसाठी दोन पर्याय धरू (किमती हिशोब दाखवण्यापुरत्या आहेत, आजचा भाव दुकानात विचारा). पहिलं कार्ड ४४,००० चं, रिव्ह्यूत ११५ फ्रेम. त्याला नवा एसएमपीएस ५,५०० चा. जुनं कार्ड ६,००० ला गेलं. निव्वळ खर्च ४३,५००. दुसरं कार्ड २०,००० चं, रिव्ह्यूत ८५ फ्रेम, आहे तोच चांगल्या कंपनीचा एसएमपीएस चालतो. निव्वळ खर्च १४,०००.

प्रोसेसरची मर्यादा ७८, मॉनिटर ६० चा. दोन्ही कार्डांनी दिसणाऱ्या फ्रेम ४२ वरून ६० वर जातात, म्हणजे १८ ची वाढ. पहिल्यात एका फ्रेमला सुमारे २,४१७ रुपये पडतात, दुसऱ्यात ७७८. महाग कार्डाचे जादाचे २९,५०० रुपये या पीसीत दिसणारच नाहीत. वर्षभरात प्रोसेसर, बोर्ड आणि मॉनिटर बदलायचा पक्का बेत असेल तरच ते मोजावेत. त्या बेतात नव्या बोर्डाची डीडीआर५ रॅमही धरा. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव जोरात चढले, आणि अख्खा हिशोब तिथेच फिरू शकतो. एएमडी प्रोसेसरचा जुना एएम४ बोर्ड असणाऱ्यांचं नशीब चांगलं. बायॉस अपडेट करून बी४५० वरही रायझन ५६०० बसतो, रॅम तीच राहते.

विजेचं बिल या निर्णयात गौण आहे. १०० वॉट जास्त ओढणारं कार्ड रोज तीन तास चाललं तर महिन्याला ९ युनिट, दहा रुपये दराने ९० रुपये.

टक्केवारीपेक्षा मिलिसेकंदात विचार करा. ४२ फ्रेमला एक फ्रेम २३.८ मिलिसेकंदांची, ६० ला १६.७ ची. ७.१ चा फरक हाताला स्पष्ट जाणवतो. १०० वरून १४० वर गेलात तरी फरक २.९ मिलिसेकंदांचाच. म्हणून ४० च्या आसपास अडलेल्याने खर्च करावा. ९० वर निवांत खेळणाऱ्याने पैसे ठेवून द्यावेत, स्पर्धेत उतरत असेल तर गोष्ट वेगळी. जाहिरातीतले फ्रेम जनरेशनचे आकडे या हिशोबात धरू नका. मधल्या फ्रेम कार्ड स्वतः रचून घालतं, चित्र गुळगुळीत दिसतं, पण बटण दाबल्यावरचा प्रतिसाद त्याने वेगवान होत नाही.

कधी कधी मात्र आकड्यांपलीकडचं कारण असतं. इंडियाना जोन्सचा २०२४ चा गेम आणि डूमचा २०२५ चा गेम यांना रे ट्रेसिंगचं (प्रकाशाच्या किरणांचा हिशोब करणारं) हार्डवेअर लागतं, ते नसलेल्या जीटीएक्सवर त्यांचा टिकाव लागत नाही. जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकांना नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर मिळत नाहीत, सुरक्षेचे अपडेट तेवढे सुरू आहेत. १६५० पुढच्या पिढीतली, तिचा पाठिंबा चालू आहे.

नवं घेताना मेमरीत काटकसर करू नका. १०८०पी ला ८ जीबीवर आज टेक्स्चर उतरवून भागतं, पण चार-पाच वर्षं वापरायचं असेल तर १२ किंवा १६ जीबी घ्या. आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डं एकाच नावाने ८ आणि १६ जीबीत विकली जातात. बिलावर जीबीचा आकडा लिहून घ्या.

गेमसाठी नाही, कामासाठी हवंय

ऑटोकॅडची द्विमितीय ड्रॉइंग, टॅली, फोटोशॉपचं रोजचं काम यांत मोठ्या कार्डाने फारसं काही हलत नाही. ब्लेंडरच्या सायकल्स रेंडरमध्ये मात्र प्रचंड फरक पडतो, आणि तिथे ऑप्टिक्स (OptiX) या स्वतःच्या रेंडरिंग तंत्रामुळे एनव्हिडिया पुढे आहे. घरच्या पीसीवर भाषा-मॉडेल चालवायचं असेल तर व्हीआरॅमच निर्णायक. ८ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल ४ बिटमध्ये सुमारे ५ जीबी घेतं.

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांनी कॅमेऱ्याचा फॉरमॅट बघावा. फुटेज १० बिट ४:२:२ (रंगांची जास्त माहिती ठेवणारं) असेल तर आरटीएक्स ४० मालिकेपर्यंतची एनव्हिडिया कार्डं ते हार्डवेअरवर उलगडत नाहीत, ५० मालिका उलगडते. एचईव्हीसी (एच.२६५) ४:२:२ साठी अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल प्रोसेसरमधले अंगभूत ग्राफिक्सही पुरतात. तेही नसतील तर ४० मालिकेतलं महाग कार्ड आणूनही टाइमलाइन अडखळतच राहते. प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या प्रती) बनवून काम केलं तर जुन्या कार्डावरही हा प्रश्न सुटतो, फुकटात.

सेकंड हँड घेत असाल तर

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग थांबलं आणि मायनिंगची कार्डं ढिगाने बाजारात आली. त्यातली पुष्कळ अजून फिरताहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या नाहीतर ऑनलाइन ओळखीतून, पैसे देण्याआधी कार्ड चालवून बघा. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून शेडरची, म्हणजे चिपमधल्या छोट्या गणना-घटकांची, संख्या आणि मेमरी ताडा. आरएक्स ५८० म्हणून विकल्या जाणाऱ्या काही कार्डांत २३०४ ऐवजी २०४८ शेडर असतात. ती वेगळी, हळू आवृत्ती आहे, किंमत तशीच लावा. मग ओसीसीटी या सॉफ्टवेअरची व्हीआरॅम चाचणी चालवा, एकही एरर आली तर कार्ड परत. अर्धा तास गेम किंवा स्ट्रेस टेस्ट चालवून पंख्याची खरखर ऐका. स्क्रीनवर ठिपके, पट्टे, रंगीत चौकोन येताहेत का बघा. मूळ बिल आणि सीरियल नंबरचा स्टिकर नसेल तर वॉरंटी नाही असंच धरून भाव करा. परदेशातून नातेवाइकाकडून मागवलेल्या नव्या कार्डालाही इथे वॉरंटी मिळतेच असं नाही. कंपनीच्या साइटवर नियम वाचून मगच सांगा.

बसवल्यावर

कंपनी बदलत असाल तर आधी डीडीयू या साधनाने जुना ड्रायव्हर पूर्ण काढा. वीज बंद करा, प्लग काढा, पॉवर बटण दाबून उरलेला चार्ज जाऊ द्या. स्लॉटची खुंटी सोडल्याशिवाय जुनं कार्ड ओढू नका.

नव्या कार्डावर त्याच गेममध्ये, त्याच जागी, त्याच सेटिंग्जवर मोजा, आणि हे माल परत करायची मुदत संपायच्या आत करा. आकडा अपेक्षेपेक्षा खूप कमी आला तर जीपीयू-झेडमध्ये बस इंटरफेसची ओळ बघा, शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट चालवत. आठ लेनच्या कार्डापुढे चारच लेन दिसत असतील तर कार्ड खालच्या स्लॉटमध्ये गेलंय किंवा नीट बसलेलं नाही. लेन बरोबर असून पीसी गेममध्ये अचानक रीस्टार्ट होत असेल तर संशय एसएमपीएसवर घ्या, आणि कार्ड परत पाठवण्याआधी दुसऱ्या एसएमपीएसवर चालवून बघा.